रूळ नसलेली आगगाडी

रात्री फोन चाळताना हा व्हिडिओ कधी ना कधी तुमच्यासमोर आलेला असणार. लाकडी टेबल, वरून लावलेला कॅमेरा, काळे हातमोजे घातलेले दोन हात. टेबलावर एक गंजलेली, चेपलेली जपानी पत्र्याची आगगाडी. कुणी काही बोलत नाही. स्क्रू फिरल्याचा, पत्रा सुटल्याचा, ब्रश घासल्याचा आवाज तेवढा येतो. सुटे भाग ओळीने मांडले जातात. मग काचेच्या पेटीत वाळूचा फवारा सुरू होतो, त्याखाली सगळा रंग उडतो आणि करडा धातू उघडा पडतो. त्यावर प्रायमर, एअरब्रशने लाल, काळा, सोनेरी रंग, वरून लॅकरचा चकचकीत थर. शेवटच्या अर्ध्या मिनिटात गाडी टेबलावर चालते आणि पडदा दुभंगतो: डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’.

असे व्हिडिओ मला आवडतात, हे आधीच सांगून टाकते. दिवसभर अर्धवट राहिलेल्या कामांनंतर एखादी गोष्ट डोळ्यांदेखत पूर्ण होताना बघण्यात सुख आहे. काही व्हिडिओंमध्ये गंज मुद्दाम चढवलेला असतो, असे आरोप होत राहतात. ते बाजूला ठेवू, सगळा गंज खरा धरू. तरीही या प्रकाराबद्दल एक प्रश्न उरतोच. या दहा मिनिटांत वाचलं काय आणि गेलं काय? मला वाटतं, जपानी पत्र्याच्या गाडीत जे वाचवायला हवं ते बहुतेक वेळा पहिल्या तीन मिनिटांतच वाळूखाली गेलेलं असतं. उरतो तो त्याच आकाराचा नवा डबा.

हे पटायला ती वस्तू बनते कशी ते बघावं लागतं.

जपानी भाषेत या पत्र्याला ‘बुरिकी’ म्हणतात. हा शब्द डच ‘ब्लिक’वरून आला. बुरिकी म्हणजे पोलादाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथलाचा थर. आपल्या आजीच्या पितळी पातेल्याला कल्हईवाला जे कथील लावायचा, तेच. फरक एवढाच की इथे कथील पोलादावर आहे आणि कारखान्यात चढलेलं आहे. या पत्र्यावर चित्र छापलं जातं ते पत्रा सपाट असतानाच. आधी छपाई, मग कापणं, मग साच्यात दाबून आकार देणं. म्हणजे छापणाऱ्याला सपाट कागदासारख्या पत्र्यावरच ठरवावं लागतं की हा पत्रा वळल्यावर इंजिनाचा दिवा कुठे येईल, बॉयलरचे रिबिट कुठल्या रेषेत पडतील, डब्याची खिडकी कोपऱ्यावर दुमडली तर जाणार नाही ना. मग भाग एकमेकांना जोडायचे ते बहुतेक ठिकाणी स्क्रूविना. एका भागाच्या कडेला पत्र्याच्या छोट्या जिभा असतात. त्या दुसऱ्या भागाच्या खाचेतून बाहेर काढायच्या आणि दुमडायच्या.

या छपाईतली सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे खिडकीतली माणसं. अनेक जपानी पत्र्याच्या गाड्यांच्या खिडक्यांत प्रवासी छापलेले असतात. टोपीवाला बाबा, बॉब केलेली बाई, काचेला नाक लावून बसलेलं पोर. इंजिनाच्या खोलीत ड्रायव्हर. चार-पाच रंगांच्या ठिपक्यांतून उमटलेले हे चेहरे कधी जागेवरून किंचित सरकलेले असतात, एखाद्याचा ओठ गालावर आलेला असतो. हा हात यंत्राचा आणि त्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचा आहे. एअरब्रशला तो पुन्हा जमत नाही. वाळूचा फवारा मारला की सगळ्यात आधी जातात ते हे प्रवासी. नव्या रंगात खिडक्या एकसारख्या निळ्या किंवा पांढऱ्या होतात, फार तर वर स्टिकर चिकटतो. गाडी चकाकते आणि रिकामी धावते.

म्हणून पत्र्याच्या गाडीचा रंग उडवून पुन्हा रंगवणं आणि लोखंडी कपाटाला नवा रंग देणं ही एकाच जातीची कामं नव्हेत. कपाटाचा रंग म्हणजे वरचा लेप. गाडीची छपाई म्हणजे ती गाडीच. ती काढून टाकणं म्हणजे जुन्या पोस्टरचा कागद ब्लीचने पांढरा करून त्यावर तेच चित्र हाताने काढणं.

*

या गाड्या कुणासाठी बनल्या, हा प्रश्न त्या व्हिडिओंत कधी येत नाही. खरं तर तिथेच गंमत सुरू होते.

१९४५चा डिसेंबर. युद्ध हरून चार महिने झालेले, जपान अमेरिकी सैन्याच्या ताब्यात. ओत्सू गावात कोसुगे मात्सुझो नावाच्या खेळणी बनवणाऱ्या कारागिराने सैन्याने टाकून दिलेले पत्र्याचे डबे गोळा केले, ते कापून सपाट केले आणि त्यांतून एक छोटी जीप बनवली. क्योतोच्या मारुबुत्सू या मोठ्या दुकानात ती १० येनला विकायला आली आणि लोकांनी रांगा लावून घेतली. जपानी खेळण्यांचा युद्धोत्तर इतिहास साधारण इथून सांगितला जातो आणि तो तसाच सांगावा असा आहे. जिंकलेल्या सैन्याच्या डब्यातून, जिंकलेल्या सैन्याच्या गाडीची नक्कल, हरलेल्यांच्या पोरांसाठी. यावर भाष्य करायला गेलं की प्रसंगाची धार बोथट होते, म्हणून पुढे जाऊ.

१९४७मध्ये खासगी निर्यातीला परवानगी मिळाली आणि खेळणी देशाबाहेर जाऊ लागली. त्यांच्या पोटावर इंग्रजीत छापलेलं असायचं, ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं. १९५२मध्ये ताबा संपला, शब्द गेले. आज त्याच शब्दांसाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात. पराभवाचा शिक्का किमतीचा शिक्का झाला.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मासुदाया, नोमुरा, योनेझावा, आल्प्स अशा कंपन्यांनी पत्र्याच्या खेळण्यांचा पूर आणला. लहान आणि स्वस्त विजेच्या मोटारी मिळू लागल्या तशी चावीच्या जोडीला सेलवर चालणारी खेळणी आली. यातली आज सहज सापडणारी एक म्हणजे मासुदायाचं ‘वेस्टर्न स्पेशल’ हे इंजिन. कंपनीचा शिक्का ‘मॉडर्न टॉईज’. नाव वाचूनच कळतं की ही गाडी ओसाकाला जाणारी नाही. पुढे गाई-म्हशी बाजूला सारायची जाळी, वर मोठं धुराडं, घंटा, लाल-सोनेरी थाट. काउबॉयच्या सिनेमात दरोडेखोर जिच्यावर उडी टाकतात ती ही गाडी. टोकियोच्या कामगारांनी, बहुधा स्वतः कधी न पाहिलेल्या एका देशाच्या कधीच संपून गेलेल्या काळातली गाडी, त्या देशातल्या पोरांच्या ख्रिसमससाठी बनवली.

आणि ही गाडी रुळांवर चालत नाही. तिला रूळच नाहीत. बाहेरून दिसणारी मोठी चाकं जवळजवळ शोभेची. खरं काम करतं ते पोटाखालचं एक गोल चाकाळं, ज्यावर चालवणारं चाक बसवलेलं आहे आणि जे स्वतःभोवती फिरू शकतं. गाडी सरळ जाते, भिंतीला किंवा खुर्चीच्या पायाला धडकते, धडकेने ते चाकाळं वळतं आणि गाडी दुसऱ्याच दिशेला निघते. खोक्यावर याचं नाव छापलेलं असायचं ‘मिस्टरी ॲक्शन’. मोटार तीच, दोन मोठे सेल, एक दिवा, एक शिटी. पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नाही.

आगगाडी म्हणजे ठरलेला मार्ग, ही आपली पक्की समजूत. या गाडीने तीच मोडली. रेल्वेचा सगळा रुबाब घेतला आणि रूळ सोडून दिले. अमेरिकी घराच्या फरशीवर ती धडकत, वळत, पुन्हा धडकत फिरली. तिच्या नाकावरचे पोचे हे अपघात नाहीत, ती तशीच चालायची होती. संग्रहाच्या बाजारात मात्र हे पोचे गुण कमी करतात. अमेरिकी ट्रेन-संग्राहकांत दहापैकी गुण द्यायची पद्धत आहे आणि दहा मिळतात ते कारखान्यातून निघाल्यासारख्या नमुन्याला. वर मूळ खोकं असेल तर किंमत आणखी चढते. म्हणजे धडकण्यासाठी बनवलेल्या गाडीला सर्वांत जास्त मान मिळतो तो ती कधीच धडकली नाही म्हणून. ज्या पोराला ती भेट मिळाली त्याने ती उघडलीच नाही, किंवा ते पोर आजारी होतं, किंवा त्याला गाडी आवडली नाही. अशा कुठल्यातरी उदास घरातून दहापैकी दहाची गाडी येते.

संग्राहकांची थट्टा करणं सोपं आहे आणि थोडं कृतघ्नपणाचंही. जपानमध्ये १९७०च्या दशकात ही खेळणी सरळ कचऱ्यात जात होती. प्लास्टिक आलं होतं, पत्र्याच्या धारेने बोटं कापतात म्हणून पालक नाक मुरडत होते, बनवणारे कारखाने बंद पडत होते. तेव्हा किताहारा तेरुहिसासारख्या माणसाने ती जमवायला सुरुवात केली आणि १९८६मध्ये योकोहामात पत्र्याच्या खेळण्यांचं संग्रहालय उघडलं. असे हट्टी लोक नसते तर आज दुरुस्तीवर वाद घालायला गाडीच उरली नसती. माझी तक्रार जपणाऱ्यांबद्दल नाही. जपलेली गोष्ट फक्त ‘दिसण्या’पुरती उरते, याबद्दल आहे. काचेआडची गाडी आणि रंग फासलेली गाडी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण दोघींमध्येही एक गोष्ट सारखी आहे: तिच्याशी खेळलेलं मूल पुसलं गेलं आहे.

*

इथे कुणीतरी इसेचं नाव काढणार. इसेचं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी नवं बांधतात, अलीकडे ते २०१३मध्ये झालं. जुनं लाकूड जपायचं नाही, नव्या लाकडात तेच मंदिर उभं करायचं. मग जपानी परंपरेतच नवं करणं म्हणजे जपणं असेल, तर त्या बिचाऱ्या व्हिडिओवाल्याने गाडी रंगवली तर काय बिघडलं?

मुद्दा चांगला आहे, आणि मला तो बराच काळ छळत होता. पण इसेत वीस वर्षांनी पुढे जातं ते फक्त रूप नव्हे. सुतारांच्या एका पिढीने दुसऱ्या पिढीला तीच कामं, त्याच पद्धतीने करायला शिकवावीत, ही त्या व्यवस्थेची खरी कमाई. मंदिर नवं होतं, हात जुने राहतात. पत्र्याच्या गाडीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. सपाट पत्र्यावर छापून मग वाकवायचं कौशल्य त्या टेबलावर कुणी पुन्हा करत नाही. तिथे वापरलं जातं ते मोटारगाड्यांना रंग देण्याचं कौशल्य. उद्या कुणी खरंच दगडावरून किंवा ऑफसेटवरून पत्र्यावर प्रवासी छापून नवी गाडी घडवली, तर मी इसेचा दाखला आनंदाने मान्य करीन.

किंत्सुगीबद्दल तर बोलायलाच नको. जपान आणि दुरुस्ती हे शब्द शेजारी आले की तिसऱ्या वाक्यात सोन्याने सांधलेला वाडगा येतो, सोबत जखमा सुंदर असतात वगैरे. किंत्सुगी ही चहाच्या महागड्या भांड्यांसाठीची, श्रीमंत घरातली, लाखेची कला. दहा येनच्या खेळण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. पत्र्याच्या गाडीच्या पोच्याला सौंदर्य म्हणायचीही गरज नाही. तो पोचा ही नोंद आहे, एवढंच. कुठल्यातरी मंगळवारी ती गाडी कशाला तरी जोरात धडकली होती.

नोंद म्हणजे काय, हे मला एका काजळीने समजावलं. मियाझावा केन्जीची ‘आकाशगंगेच्या रेल्वेतली रात्र’ ही कथा त्याच्या मृत्यूनंतर १९३४मध्ये छापली गेली. जपानी मुलांना ती शाळकरी वयातच भेटते. त्यात छापखान्यात काम करून घर चालवायला हातभार लावणारा जिओव्हान्नी नावाचा गरीब मुलगा आहे. त्याचा मित्र काम्पानेल्ला सुस्थितीतला. पुढे हे दोघे आकाशगंगेतून जाणाऱ्या गाडीत बसतात आणि कथा जिथे जाते तिथे जाते, ते सांगून मी तुमचं वाचन बिघडवणार नाही. पण त्या आधी, अगदी सुरुवातीला, जिओव्हान्नी आईला सांगतो की काम्पानेल्लाच्या घरी स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी खेळण्यातली आगगाडी होती. रुळांचे सात तुकडे जोडले की गोल व्हायचा. तारांचे खांब होते, सिग्नल होता, आणि गाडी जवळून जाईल तेवढ्यापुरताच त्याचा दिवा बदलायचा. एकदा स्पिरिट संपलं म्हणून त्यांनी रॉकेल घातलं, तर बॉयलर काजळीने काळाठिक्कर पडला.

कथेत पुढे एवढी मोठी विश्वाची गाडी येणार आहे, तिची पूर्वतयारी म्हणून एखाद्या लेखकाने चमचमती खेळणी दाखवली असती. मियाझावाने काजळी दाखवली. दुसऱ्याच्या घरातल्या गाडीची आठवण त्या मुलाकडे उरली आहे ती बिघडलेल्या दिवसाची. स्पिरिट संपूनही खेळ थांबवायचा नव्हता, म्हणून रॉकेल. मैत्रीचा पुरावा म्हणजे तो काळा बॉयलर. आता कल्पना करा, ते इंजिन शंभर वर्षांनी त्या काळ्या हातमोज्यांच्या टेबलावर आलंय. पहिल्या मिनिटाला काय पुसलं जाईल?

दुसरी साक्ष सिनेमाची. कुरोसावाचा १९७०चा ‘दोदेसुकादेन’, त्याचा पहिला रंगीत चित्रपट. कचऱ्याच्या ढिगाऱ्यांलगतच्या झोपडपट्टीत रोकुचान नावाचा मुलगा राहतो. त्याच्याकडे ट्राम नाही, खेळण्यातलीही नाही. तरी तो रोज सकाळी ट्राम काढतो. आधी न दिसणाऱ्या गाडीभोवती फिरून तिची तपासणी करतो, देखभाल करणारे लोक कामचुकार आहेत म्हणून कुरकुरतो, मग चालकाच्या जागी उभा राहून दांडा फिरवतो आणि तोंडाने आवाज काढत वस्तीतून धावतो: दोदेसुकादेन, दोदेसुकादेन. जपानीत गाडीचा नेहमीचा आवाज ‘गातान-गोतोन’, वाफेच्या इंजिनाचा ‘शुश्शु-पोप्पो’, जसा आपला ‘झुकझुक’. ‘दोदेसुकादेन’ हा त्या पोराचा खासगी आवाज. बाकीची पोरं त्याला वेडा म्हणतात. घराच्या भिंती मात्र ट्रामच्या चित्रांनी भरून गेल्या आहेत.

हा सिनेमा सगळ्यांना आवडत नाही. त्यातल्या इतर कुटुंबांच्या कथा कधी फार रडक्या होतात आणि रंग कुरोसावाने पहिल्यांदाच हातात आल्यासारखे उधळले आहेत. पण रोकुचानच्या प्रसंगांत एक गोष्ट अचूक आहे. गाडी काढून टाका, रंग काढून टाका, पत्रा काढून टाका, तरी आगगाडीचा खेळ उरतो, कारण तो हालचालीत आणि आवाजात आहे. आणि देखभालीत. तपासणीवाचून रोकुचान गाडी सुरू करत नाही. दुरुस्ती त्याच्यासाठी खेळाच्या आधीचं काम नाही, खेळाचाच पहिला भाग आहे.

या दोघांना एकत्र ठेवलं की जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याकडून काय मागायचं ते मला बरंच स्पष्ट होतं. काजळीला हात लावू नका आणि गाडी चालवा. म्हणजे वर हात आखडता, आत सैल. व्हिडिओ करतात ते याच्या बरोबर उलट: वरचं सगळं बदलतात आणि चालणं शेवटच्या अर्ध्या मिनिटात उरकतात.

*

चांगलं काम कॅमेऱ्यासाठी कंटाळवाणं असतं, हीच अडचण. सेलवरच्या गाडीत पहिला शत्रू म्हणजे आत विसरलेला सेल. जुन्या साध्या सेलमध्ये नवसागर असतो. कल्हईवाला भांडं उजळायला वापरतो तोच. सेल सडला की तो झिरपतो आणि ज्या कथलाला एरवी मदत करतो त्याचा थर खात खाली पोलादापर्यंत पोचतो. ही गळती आम्लाच्या बाजूची, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती मारायची. नंतरच्या काळातल्या अल्कलाइन सेलची गळती उलट स्वभावाची, तिला व्हिनेगर लागतं. हे न ओळखता जो हाताला लागेल तो द्रव ओततो त्याला पुढचं काही शिकवण्यात अर्थ नाही.

मग त्या जिभा. पत्र्याची दुमडलेली जीभ सरळ करताना धातू थकतो. एकदा सहन करतो, दुसऱ्यांदा कदाचित, तिसऱ्यांदा तुटतो. म्हणून जाणकार माणूस गाडी उघडायची की नाही यावर बराच वेळ घालवतो. चाकांच्या बाजूने किंवा सेलच्या झाकणातून पोचता येत असेल तर तो उघडतच नाही. उघडलीच तर जीभ पूर्ण सरळ करत नाही, खाचेतून निसटेल एवढीच हलवतो. आत वंगण मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते काढून थोडं नवं. मोटारीचे ब्रश साफ. तुटलेली तार सोल्डर. छपाईवर कापूस आणि संयम, जोरकस रसायन नाही, कारण गंजासोबत शाई निघून आली तर ती परत आणायचा मार्ग नाही. जिथे पत्रा उघडा पडून गंज वाढतोय तिथे मेणाचा पातळ हात. पोचा आतून हलकेच दाबता आला तर ठीक, नाहीतर राहू दे.

या सगळ्याच्या शेवटी ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो जवळजवळ सारखेच दिसतात. फरक इतकाच की नंतरची गाडी भिंतीला धडकून वळते. हा फरक फोटोत येत नाही, म्हणून त्याला बदाम मिळत नाहीत.

बोदलेरने १८५३मध्ये खेळण्यांवर एक निबंध लिहिला होता. मुलांना खेळण्याचा आत्मा बघायचा असतो, म्हणून ती ते हलवतात, आपटतात, शेवटी फोडतात आणि आत काहीच न सापडल्यावर खिन्न होतात, असं काहीसं त्याचं निरीक्षण. दुरुस्ती करणारा हा त्याच मुलाचा मोठा अवतार असावा. त्यानेही गाडी उघडली, पण त्याला आत काहीतरी सापडलं: एक वळणारं चाकाळं, सुकलेलं वंगण, आणि हे पुन्हा फिरेल असा अंदाज.

जपानमध्ये हे काम करणारी आणखी एक मंडळी आहे आणि ती संग्राहकांच्या जगात फारशी दिसत नाही. ‘ओमोचा ब्योइन’, खेळण्यांचा दवाखाना. सामुदायिक सभागृहात, वाचनालयात महिन्यातून ठरावीक दिवशी स्वयंसेवक टेबलं मांडून बसतात. त्यात निवृत्त माणसं खूप. त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात. मूल तुटलेलं खेळणं घेऊन येतं, काय होतंय ते सांगतं, डॉक्टर बघतो. काम फुकट, फार तर सुट्या भागाचे पैसे. दुरुस्त झालेलं खेळणं त्याच मुलाकडे परत जातं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मोडून येऊ शकतं. दर्जाचा निकष म्हणून मला दहापैकी गुणांपेक्षा हा जास्त पटतो: दुरुस्तीनंतर ते खेळणं जातं कुणाच्या हातात?

या दवाखान्याच्या टेबलावर निळे रूळ दिसणं अगदी साहजिक आहे. पत्र्याच्या गाड्या परदेशी जात होत्या त्याच काळात, १९५९मध्ये, तोमी कंपनीने जपानी घरासाठी प्लास्टिकची आगगाडी आणली. पुढे ती ‘प्लारेल’ म्हणून घरोघरी पोचली. सुरुवातीला मोटार नव्हती, हातानेच ढकलायची. १९६१मध्ये मोटार आली. १ ऑक्टोबर १९६४ला टोकियो-ओसाका शिंकान्सेन धावू लागली आणि त्याच वर्षी तिची गोल नाकाची प्रतिकृतीही या रुळांवर आली. मुंबई-अहमदाबाद मार्गामुळे ज्या तंत्राचं नाव आज आपल्याकडे रोज कानावर पडतं, त्याचा पहिला चेहरा जपानी पोरांनी असा हातात धरला. रुळाचे वळणाचे आठ तुकडे जोडले की एक गोल होतो आणि तो त्या काळच्या घरातल्या बसक्या जेवणाच्या टेबलाच्या, चाबुदाईच्या, मापाचा. सकाळी जेवण, दुपारी रेल्वे, रात्री पुन्हा जेवण.

दिसायला प्लारेल पत्र्याच्या गाडीपुढे उभीही राहणार नाही. खिडक्यांत कुणी प्रवासी नाहीत, छपाईची ती ऊब नाही, जुना पांढरा डबा पिवळट पडतो तेव्हा तर तो दात न घासल्यासारखा दिसतो. संग्राहक तिच्याही पहिल्या संचांच्या मागे असतात. पण तोमीने एक गोष्ट धरून ठेवली: रुळांचा निळा रंग आणि जोडाचं माप. १९५९चा वळणाचा तुकडा आज दुकानातून आणलेल्या तुकड्याला जोडला जातो. आजोबांच्या डब्यात सापडलेला रूळ नातीच्या गोलात बसतो, त्यासाठी कुणाला वाळूचा फवारा मारावा लागत नाही. घासून पांढुरका झालेला, कडेला चावलेला तो एक तुकडा बाकीच्या चकचकीत निळ्यात लगेच ओळखू येतो, आणि गाडी त्याच्यावरून जाताना जरा वेगळा आवाज करते.

‘वेस्टर्न स्पेशल’ला असं कुणाशी जोडून घेता येत नाही. तिला रूळ नव्हतेच. ती एकेकट्या घरात, एकेकट्या फरशीवर, जिथे धडकेल तिथून वळत राहिली, आणि तिच्याजवळ मागचं काही सांगण्यासारखं आहे ते फक्त अंगावर. नाकावरचा पोचा, धुराड्यामागे निघालेली सोनेरी शाई, सेलच्या झाकणावर कुणीतरी टोकदार वस्तूने कोरलेलं अर्धवट नाव. पुढच्या वेळी फोनवर ते काळे हातमोजे दिसले की गाडी फवाऱ्याच्या पेटीत जाण्याआधी व्हिडिओ क्षणभर थांबवा आणि बोटांनी चित्र मोठं करून खिडक्यांकडे बघा.